युद्धपटांतील दोषदर्शन : हस्तदोष, प्रक्षेप आणि लोप

युद्धविषयक चित्रपटांतील चुका हुडकून काढणे हा आता एक लोकप्रिय छंद झाला आहे. अर्धी जळालेली सिगारेट पुढच्याच क्षणी पुन्हा अखंड कशी झाली, १९४४ सालच्या सैनिकाच्या मनगटावर पुढील काळातले घड्याळ कोठून आले, जर्मन म्हणून दाखविलेला रणगाडा वस्तुतः अमेरिकन कसा, अशा प्रश्नांच्या लांबलचक याद्या तयार होतात आणि चवीने वाचल्या जातात. या छंदाची टवाळी करावी असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. डोळ्यांपुढे आलेल्या गोष्टीवर निमूटपणे विश्वास न ठेवणारा प्रेक्षक हा कोणत्याही समाजात इष्टच होय. तक्रार आहे ती निराळी. या याद्यांत सर्व चुका एकाच पंक्तीला बसविलेल्या असतात. घड्याळाची चूक आणि एका राष्ट्राचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर मांडण्याची चूक यांना तेथे सारखेच मोल. चुकांची गणना होते. त्यांचा विवेक होत नाही. आणि जी चूक सर्वांत मोठी, ती बहुधा यादीत शिरतच नाही.

हा विवेक शिकण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे प्रचंड कार्य चालले, त्यात १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग झाला. वि. स. सुखटणकर यांनी त्या कार्याला जी शिस्त लावून दिली, तिच्यातून पाठचिकित्सेचा एक साधा धडा हाती लागतो. पोथीतील दोष एका जातीचे नसतात. लेखनिक थकतो, त्याची नजर एका ओळीतील शब्दावरून खालच्या ओळीतील तशाच शब्दावर घसरते आणि मधला मजकूर गळतो, हा हस्तदोष. दुसरा लेखनिक थकलेला नसतो, उलट फार जागा असतो, मूळ कथेत काही कमी आहे असे त्याला वाटते आणि तो स्वतःच्या, आपल्या देवतेच्या अथवा आश्रयदात्याच्या सोयीचा मजकूर घालतो, हा प्रक्षेप. हस्तदोष लवकर सापडतो, कारण तेथे अर्थ अडखळतो. प्रक्षेप लवकर सापडत नाही, कारण तेथे अर्थ मुळापेक्षाही सुरळीत वाहतो. याखेरीज पोथीचे पानच नाहीसे झालेले असावे, असाही प्रसंग येतो. त्याचा विचार पुढे करू.

चित्रपटातील सातत्यदोष हे बव्हंशी हस्तदोष होत. चित्रपटातील प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. एकाच संवादाचे दोन तुकडे निरनिराळ्या दिवशी घेतलेले असतात आणि संकलक ते शेजारी आणून बसवितो. मधल्या काळात पेल्यातील पाणी वाढते, चेहऱ्यावरील चिखल जागा बदलतो. अशा चुकीमुळे इतिहासाविषयी कोणाचाही गैरसमज होत नाही. तिच्यामुळे चित्रण कोणत्या रीतीने झाले हे मात्र कळते, आणि एवढ्यापुरती ती उपयुक्तच ठरते.

सामग्रीचा प्रश्न याहून थोडा गुंतागुंतीचा आहे. ‘बॅटल ऑफ द बल्ज’ (१९६५) या चित्रपटात जर्मनांचे किंग टायगर रणगाडे म्हणून जे धावतात, ते स्पेनच्या सैन्याकडील अमेरिकन एम-४७ बनावटीचे आहेत. ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) मध्ये स्टीव्ह मॅक्वीन ज्या जर्मन मोटारसायकलीवरून पळतो ती इंग्रजी ट्रायम्फ आहे. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ (१९६९) आणि ‘डंकर्क’ (२०१७) या दोन्ही चित्रपटांत जर्मनांची मेसरश्मिट विमाने म्हणून स्पेनमध्ये बांधलेली बुचोन विमाने वापरली आहेत, आणि त्यांच्या पोटात रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन आहे. म्हणजे पडद्यावर स्पिटफायर ज्याचा पाठलाग करते, त्या शत्रूचे काळीजही इंग्रजीच! भाषाभ्यासकाला या प्रकाराचे नवल वाटू नये. जो ध्वनी आपल्या भाषेत नाही त्याच्या जागी जवळचा ध्वनी बसवून शब्द उसना घेणे हा भाषांचा नित्य व्यवहार आहे. पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दाचे आपण ‘इस्पितळ’ केले, म्हणून कोणी आपल्याला चूक ठरवीत नाही. किंग टायगर रणगाडे हवे तितके मिळणे शक्यच नव्हते. जे हाती होते त्याने काम भागविले.

परंतु याच ‘बॅटल ऑफ द बल्ज’मध्ये दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. शेवटची रणगाड्यांची झुंज कोरड्या, उघड्याबोडक्या माळावर होते. १६ डिसेंबर १९४४ रोजी आर्देनच्या अरण्यात जर्मनांनी जी चढाई केली, तिचा सारा डाव दाट झाडी, अरुंद रस्ते आणि दोस्तांच्या विमानांना जमिनीवर खिळवून ठेवणारे ढगाळ, धुकट हवामान यांवर उभा होता. २३ डिसेंबरला आकाश निवळले, विमाने उडाली आणि डाव फिरू लागला. रणगाड्याचे रूप बदलल्याने या लढाईचा अर्थ बदलत नाही. अरण्य आणि धुके काढून टाकल्याने ती लढाई का झाली आणि का फसली हेच कळेनासे होते. चुकांच्या यादीत मात्र रणगाडा वरच्या क्रमांकावर असतो.

कित्येकदा दोष दाखविण्यापूर्वी पाठ तरी निश्चित करावा लागतो. याचे मोठे मनोरंजक उदाहरण ‘कासाब्लांका’ (१९४२) हे आहे. त्याचे कथानक डिसेंबर १९४१ मध्ये, व्हिशी सरकारच्या ताब्यातील मोरोक्कोत घडते. पीटर लॉरे याने रंगविलेला उगार्ते आपल्याजवळील परवानापत्रांवर कोणा जनरलची सही आहे हे सांगतो. कोणाची? पुष्कळांनी ‘द गॉल’ असे ऐकले आणि तत्काळ दोष काढला की, ज्याला व्हिशी सरकारने देशद्रोही ठरविले त्याच्या सहीला तेथे कोण विचारतो? दुसऱ्यांनी तेच उच्चारण ‘वेगाँ’ असे ऐकले. चित्रपटाच्या अधिकृत प्रतीतील इंग्रजी उपशीर्षकांत द गॉल आहे, तर फ्रेंच उपशीर्षकांत वेगाँ. लॉरेची मातृभाषा जर्मन. दोन्ही नावांत एक आखूड अवयव, त्यामागून ग-कार आणि पुढे एक मोठा स्वर. तेव्हा कानाचा गोंधळ समजण्याजोगा आहे. बरे, वेगाँ हा पाठ घेतला तरी अडचण संपत नाही, कारण उत्तर आफ्रिकेतील त्या अधिकारपदावरून वेगाँ यांना नोव्हेंबर १९४१ मध्येच दूर करण्यात आले होते. आणि मुळात अशी सर्वसमर्थ परवानापत्रे कधी अस्तित्वातच नव्हती. पाठचिकित्सेत कठीण पाठ पसंत करावा असा संकेत आहे. त्या न्यायाने येथे ‘द गॉल’च घ्यावा लागेल, जरी तो पाठ कठीण असण्याचे कारण लेखकाची प्रतिभा नसून बेफिकिरी असावी.

युद्धपटांतील भाषेविषयी आणखी एक आक्षेप नेहमी घेतला जातो तो असा की, जर्मन अधिकारी एकमेकांशी इंग्रजीत का बोलतात? ‘द लाँगेस्ट डे’ (१९६२) मध्ये जर्मन व फ्रेंच पात्रे आपापल्या भाषेत बोलतात, हे त्या चित्रपटाचे भूषणच आहे. तथापि अन्यत्र जी रीत आढळते ती संकेत होय, दोष नव्हे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये काढलेल्या चित्रपटात चिनी नायिका हिंदी बोलते. तिने चिनी बोलावे असा आग्रह कोणी धरला नाही. संस्कृत नाटकात अमुक पात्राने अमुक प्राकृत बोलावे हा जसा संकेत, तसाच हाही. त्यावर वेळ दवडू नये.

आता प्रक्षेपाकडे येऊ. ‘यू-५७१’ (२०००) या चित्रपटात अमेरिकन नाविक १९४२ साली एका जर्मन पाणबुडीवर चढून तिच्यातील एनिग्मा हे गुप्तलेखनयंत्र हस्तगत करतात. वास्तविक ९ मे १९४१ रोजी ब्रिटिश नौदलाच्या ‘बुलडॉग’ या युद्धनौकेवरील तुकडीने सब-लेफ्टनंट डेव्हिड बाम यांच्या नेतृत्वाखाली यू-११० या पाणबुडीतून यंत्र आणि कागदपत्रे बाहेर काढली. त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलेलीच नव्हती. पुढे ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात ‘पेटार्ड’ नौकेवरील टोनी फॅसन व कॉलिन ग्रेझियर हे दोघे बुडत्या यू-५५९ मधून सांकेतिक पुस्तके वर देता देता तिच्यासह तळाला गेले. अमेरिकन नौदलानेही यू-५०५ ही पाणबुडी पकडली, परंतु ती जून १९४४ मध्ये. चित्रपटाच्या अखेरीस या घटनांचा नामोल्लेख करणारी एक अर्पणपाटी येते. म्हणजे प्रक्षेपकर्त्याला मूळ पाठ ठाऊक होता. त्याने तो तळटीपेत ढकलला एवढेच. चिकित्सक आवृत्तीत प्रक्षेप तळटीपेत अथवा परिशिष्टात जातो आणि मूळ वर राहते. येथे नेमका उलटा व्यवहार झाला. जून २००० मध्ये ब्रिटिश संसदेत हा विषय निघाला, तेव्हा त्या नाविकांच्या स्मृतीचा हा अवमान आहे या मताशी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी सहमती दर्शविली.

हा संताप रास्त होता. पण पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी ‘एनिग्मा’ (२००१) नावाचा चित्रपट काढला. त्यात ब्लेचली येथील गुप्तलेखनभेदाच्या कामात फितुरी करणारा इसम पोलिश दाखविला आहे. एनिग्माचे कोडे प्रथम डिसेंबर १९३२ मध्ये मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने सोडविले, आणि जुलै १९३९ मध्ये पोलंडच्या तज्ज्ञांनी आपले सारे ज्ञान ब्रिटिश व फ्रेंच प्रतिनिधींच्या स्वाधीन केले, हे ज्याला माहीत आहे त्याला ‘यू-५७१’विषयीच्या ब्रिटिश तक्रारीचे काहीसे हसू आल्यावाचून राहत नाही. दुसऱ्याने आपले श्रेय पळविले की दिसते. आपण पळविलेले दिसत नाही.

‘द ग्रेट एस्केप’चा प्रक्षेप अधिक सौम्य, म्हणून अधिक यशस्वी आहे. पात्रे एकवटली आहेत आणि काळ व स्थळ आकसले आहे, परंतु सुटकेचा तपशील मात्र जसा घडला तसाच आहे, अशा आशयाची ग्वाही चित्रपट आरंभीच देतो. भुयारांच्या बाबतीत ती पुष्कळशी खरीही आहे. मार्च १९४४ मध्ये ७६ कैदी बाहेर पडले, ७३ पुन्हा पकडले गेले आणि त्यांपैकी ५० जणांना हिटलरच्या आज्ञेने गोळ्या घालण्यात आल्या. निसटलेल्यांत अमेरिकी सेनेतील कोणीही नव्हता. अमेरिकन कैद्यांना काही महिने आधीच दुसऱ्या आवारात हलविले होते. असे असता लोकांच्या स्मरणात राहिला तो मोटारसायकलीवरून तारेच्या कुंपणाकडे झेपावणारा अमेरिकन. भुयारातील खऱ्या लाकडी फळ्यांनी या खोट्या उडीला आधार पुरविला आहे. प्रक्षेप नेहमी अस्सल श्लोकांच्या मधोमध बसतो, तो यासाठीच.

आपल्याकडील ‘बॉर्डर’ (१९९७) याची कथा निराळी आहे आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, अधिक विचार करावयास लावणारी आहे. ४ व ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांची चढाई रोखून धरली, आणि पहाट होताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी ते रणगाडे टिपले. विमाने पहाटेची वाट पाहतात हे चित्रपटात बरोबर दाखविले आहे. हंटर विमानांना रात्री लढण्याची सोय नव्हती. मात्र चित्रपटात एकामागून एक प्रमुख पात्रे धारातीर्थी पडतात. प्रत्यक्ष लढाईत भारतीय बाजूचे दोन जवान कामी आले. सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड यांना पडद्यावर वीरमरण आलेले लाखो प्रेक्षकांनी पाहिले. खरे भैरोंसिंग त्या लढाईतून जिवंत परतले, १९७२ मध्ये त्यांना सेना पदक मिळाले, आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे चित्रपटानंतर पंचवीस वर्षांनी, जोधपूर येथे त्यांचे निधन झाले. येथे कोणाचे श्रेय पळविलेले नाही. उलट मृत्यूचा प्रक्षेप करून ते वाढविण्याचा यत्न आहे. वीररसाला बलिदानावाचून पूर्णता नाही, ही आपल्या रंगभूमीची व चित्रपटाची जुनी समजूत. परंतु लोंगेवाल्याचा पराक्रम नेमका इतके थोडे लोक गमावून ठाणे राखण्यात होता. ज्या नेतृत्वाने माणसे वाचविली त्याचा गौरव माणसे मारून करावा, यात सद्भाव असेल, न्याय नाही.

येथवर जे दोष पाहिले ते पडद्यावर दिसणारे होते. राहिले नाहीशा झालेल्या पानाचे प्रकरण. त्यासाठी ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) या चित्रपटाइतके उत्तम उदाहरण दुसरे नाही. शिवाय त्यात भाषाशास्त्राला खाद्यही भरपूर आहे.

प्रथम नाव. थायी भाषेत ‘ख्वॅ’ म्हणजे उपनदी. इंग्रजीत रूढ झालेला ‘क्वाय’ हा उच्चार त्यापेक्षा ‘ख्वाय’ या थायी शब्दाच्या जवळ जातो, आणि ‘ख्वाय’ म्हणजे म्हैस. बरे, तो प्रसिद्ध पूल क्वायवर नव्हताच. रेल्वे पुष्कळ अंतर ख्वॅ नोई नदीच्या काठाने जात असे, पण पूल होता तो माए क्लाँग नदीवर. मूळ कादंबरीचे लेखक पिएर बूल त्या रेल्वेवर कधी कैदी नव्हते. त्यांनी पूल नदीच्या नावाने जोडून दिला. चित्रपट जगभर गाजला, प्रवासी क्वाय नदीवरील पूल पाहण्यासाठी येऊ लागले, आणि १९६० मध्ये थायलंडने माए क्लाँगच्या त्या भागाचे नाव ‘ख्वॅ याई’ असे ठेवले. आता चूक उरली नाही. पाठ दुरुस्त न करता नदीच दुरुस्त करण्यात आली! स्थलनामांच्या अभ्यासकाने पन्नास-शंभर वर्षांनंतर केवळ नकाशा पाहून निष्कर्ष काढला, तर तो बूल यांनाच प्रमाण मानील.

मग पुष्पिका. पोथीच्या अखेरीस कर्त्याचे म्हणून जे नाव असते ते नेहमी विश्वसनीय नसते. या चित्रपटाच्या पटकथेचे श्रेय व ऑस्कर पारितोषिक बूल यांना मिळाले. ती वस्तुतः कार्ल फोरमन व मायकेल विल्सन यांनी लिहिली होती. अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी बहिष्कारामुळे त्यांची नावे घालणे शक्य नव्हते. १९८४ मध्ये ही पुष्पिका सुधारण्यात आली, तेव्हा दोघेही हयात नव्हते.

कथेतील दोष सर्वश्रुत आहेत. चित्रपटातील कर्नल निकल्सन जपान्यांना उत्कृष्ट पूल बांधून देण्याच्या नादी लागतो. तामार्कानच्या छावणीतील खरे ज्येष्ठ अधिकारी लेफ्टनंट कर्नल फिलिप टूझी यांनी आपल्या माणसांचे प्राण वाचविण्याची खटपट केली, आणि त्यांच्या हाताखालच्या कैद्यांनी लाकडी पुलाच्या खांबांत वाळवी आणून सोडली. चित्रपटातील जपानी अभियंते अडाणी आहेत. खरे अभियंते आपल्या कामात चांगले जाणकार होते. पूल एक नव्हता, दोन होते, एक लाकडी व एक लोखंडी. ते पहिल्याच गाडीसह उडविले गेले नाहीत, १९४५ मध्ये त्यांवर विमानांतून बाँब पडले. दुरुस्त केलेल्या लोखंडी पुलावरून पुढेही गाड्या धावत राहिल्या. हे सर्व याद्यांत सापडते.

जे सापडत नाही ते असे. ऑक्टोबर १९४३ मध्ये पुरी झालेली, थायलंडमधील बान पोंगपासून ब्रह्मदेशातील थानब्यूझायातपर्यंतची ही ४१५ किलोमीटरची रेल्वे बांधण्यासाठी सुमारे ६०,००० दोस्त युद्धकैदी राबविण्यात आले आणि त्यांतले १२,००० हून अधिक मेले. त्यांच्याबरोबर, संख्येने त्यांच्या तिपटीच्या आसपास, आशियाई मजूर होते: मलायाच्या रबरमळ्यांवरील तमिळ, ब्रह्मी, जावानिवासी, चिनी, मलायी. काहींना पगाराचे आमिष दाखवून नेले, काहींना धरून नेले. त्यांच्यात सेनाधिकारी नव्हते, डॉक्टर क्वचितच होते. पटकी आली की छावण्याच्या छावण्या ओस पडत. त्यांतील मृतांचा अंदाज ९०,००० पर्यंत जातो. कांचनबुरीच्या युद्धस्मशानात दोस्त सैनिकांच्या सुमारे ७,००० थडग्यांची निगा राखली जाते. मजुरांच्या नावांची अशी यादीच कोणी ठेवली नव्हती. चित्रपटात हे मजूर नाहीत. रेल्वे बांधतात ते केवळ गोरे कैदी. चित्रण झाले सिलोनमध्ये कितुलगल येथे, जेथे मळ्यांवरील तमिळ मजूर काही अनोळखी नव्हते. आणि मूळ कथा लिहिणारे बूल युद्धापूर्वी मलायाच्या रबरमळ्यावरच नोकरीला होते.

पाणिनीने लोपाची व्याख्या ‘न दिसणे’ अशी केली आहे, आणि व्याकरणपरंपरेने तिचा अर्थ असा लाविला की, जेथे काही प्राप्त आहे तेथेच त्याच्या न दिसण्याला लोप म्हणावयाचे. जेथे काही अपेक्षितच नव्हते तेथील रिकामेपण म्हणजे लोप नव्हे. दोषदर्शक पडद्यावरील प्रत्येक चौकट तपासतो. परंतु लोप कोणत्याही चौकटीत नसतो. तो ओळखण्यासाठी तेथे काय असावयास हवे होते हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ते चित्रपट पुनःपुन्हा पाहून कळत नाही. दफ्तरे, आठवणी, रोजनिश्या वाचाव्या लागतात. म्हणून घड्याळाची चूक शेकडो लोकांना सापडते आणि ९०,००० माणसांची चूक सापडत नाही.

हीच कसोटी आपल्या अभिमानालाही लावली पाहिजे. ‘डंकर्क’ प्रदर्शित झाल्यावर त्यात भारतीय सैनिक नाहीत अशी तक्रार झाली. तिला आधार आहे. ब्रिटिश सैन्याने यांत्रिकीकरणाच्या भरात आपली जनावरे मोडीत काढली होती, आणि फ्रान्समधील चिखलात मोटारी अडतील म्हणून रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या खेचर-तुकड्या मागविण्यात आल्या. ‘के-६’ या नावाचे हे दल डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून निघाले व मार्सेय येथे उतरले. त्यांत पंजाबी मुसलमानांचा भरणा होता. एक तुकडी जर्मनांच्या हाती सापडली. इतर इंग्लंडला पोचल्या. परंतु डंकर्कहून २६ मे ते ४ जून १९४० या काळात ३,३८,२२६ माणसे हलविण्यात आली आणि त्यांत हे भारतीय काही शेच होते. तीन धाग्यांत, मोजक्या चेहऱ्यांवर आधारलेल्या चित्रपटात ते दिसलेच पाहिजेत असे म्हणता येईल काय? लेखकाला तसे वाटत नाही. त्या हलविलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक फ्रेंच होते, आणि शेवटपर्यंत शहर लढवून सुमारे ३५,००० फ्रेंच सैनिक कैद झाले. त्यांच्या वाट्याला आलेले चित्रपटाच्या आरंभीचे एक नाके आणि इंग्रजी गणवेषात लपलेला एक अबोल शिपाई हाच तेथील खरा लोप होय. के-६ चा लोप शोधावयाचा तर तो त्या चित्रपटात न शोधता, जेथे त्यांचे असणे निश्चितपणे प्राप्त होते तेथे शोधावा: ज्या बंदरातून ते निघाले त्या मुंबईच्या युद्धकालीन इतिहासात, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत.